पितळेचा ठोकळा

माझ्या टेबलावर, मॉनिटरच्या डाव्या बाजूला, पितळेचा एक ठोकळा ठेवलाय. आगपेटीपेक्षा थोडा मोठा, चारपाच भोकं, भोकांना आतून आटे. व्हिडिओ कॉलवर टीममधल्या एकाने विचारलं, "पेपरवेट कुठून घेतलास रे, भारी आहे." म्हटलं, जुन्या बाजारातून. खोटं नव्हतं ते. पण त्या ठोकळ्याची किंमत मी भंगारवाल्याला दिलेल्या पैशांपेक्षा बरीच जास्त आहे. आईच्या मनगटाचं प्लास्टर त्यात धरायचं की नाही, हा हिशोब अजून घरात चालू आहे.

तर मंडळी, आजचा विषय गाडीचे ब्रेक. एका गाडीचे काढून दुसरीला लावलेले ब्रेक. आणि माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा वेळ वाया जायला नको. जुन्या गाडीला दुसऱ्या गाडीचे चांगले ब्रेक लावणं हा गुन्हा असू नये. आणि ते तपासल्याशिवाय रस्त्यावर आणणं हा मात्र गुन्हाच असावा. आज आपल्याकडे पहिलं सरसकट बंद आहे, आणि म्हणून दुसरं सगळीकडे गुपचूप चालू आहे. मी स्वतः केलंय, म्हणून सांगतो.

आमच्या घरी १९७८ ची प्रीमियर पद्मिनी आहे. आजोबांनी घेतलेली. तेव्हा गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं, त्यामुळे ती घरी आली त्या दिवशी आंबीत पेढे वाटले होते म्हणे. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, मूळ इटलीची फियाट ११००, नंतर नाव पद्मिनी. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीवाल्यांनी हीच गाडी अर्धशतक पळवली. त्यातली शेवटची ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली, तेव्हा पेपरांनी अग्रलेख वगैरे लिहिले. आमची मात्र अजून चालते. आजोबा गेल्यावर ती बाबांची झाली. माझ्याकडे आली ती फक्त दुरुस्तीपुरती, कारण मी घरातला 'इंजिनिअर'. डिग्री मेकॅनिकलची आणि नोकरी हिंजवडीत सॉफ्टवेअरची, हे दुःख सांगायला नको, तुमच्यापैकी निम्मे त्याच बोटीत आहेत :)

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. बूस्टर नाही, म्हणजे जो काही जोर तो तुमच्या पायाचा. आणि आमच्या गाडीत ब्रेकचं सर्किट एकच. कुठेही एका चाकाचा सिलिंडर गळाला, एखादा पाइप फुटला, की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. ज्या काळात हे डिझाइन झालं त्या काळात ते चालून गेलं. आज पुढच्या गाडीला एबीएस आहे, ती जागच्या जागी थांबते आणि मागे तुम्ही आजोबांच्या काळातलं पेडल दाबत बसलेले असता.

मे २०२४ मध्ये आम्ही खोपोलीला एका लग्नाला गेलो. गाडीत चौघं, डिकीत आहेराचं सामान, आणि बोरघाट उतरताना पुढे कंटेनरची रांग. बाबा तिसऱ्या गिअरमध्ये होते आणि ब्रेकवर पाय. अर्धा घाट उतरल्यावर पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं, मग आणखी खाली. लायनरचा तो जळका वास काचा बंद असूनही आत आला. बाबांनी दुसरा टाकला, हँडब्रेक ओढला आणि गाडी कशीबशी कडेला घेतली. पाऊण तास आम्ही तिथे उभे होतो. आई काही बोलली नाही, फक्त डिकीतून पाण्याची बाटली काढून आधी स्वतः प्यायली. एरवी आधी सगळ्यांना देते.

हे का झालं ते घरी येऊन कागदावर मांडलं. लोणावळ्यापासून खोपोलीपर्यंत उतार साधारण साडेपाचशे मीटरचा. तेवढ्या उंचीची सगळी ऊर्जा ब्रेकमध्येच जिरवायची म्हटली, तर ती ताशी ८० किलोमीटरवरून गाडी पूर्ण थांबवण्याच्या सुमारे २२ पट होते. गाडी लहान असो की मोठी, पट तोच, कारण वजन दोन्हीकडे सारखंच येतं. हवेचा आणि टायरचा विरोध थोडं काम करतो, खालच्या गिअरमध्ये इंजिन बरंच काम करतं. पण तिसऱ्यात उतरलात तर उरलेलं सगळं बिचाऱ्या ड्रमच्या वाट्याला. ड्रम तापला की फुगतो, म्हणजे त्याची आतली भिंत लायनरपासून लांब जाते, आणि पेडल खाली जात राहतं. डिस्क तापून फुगली तर पॅडच्या दिशेनेच फुगते, शिवाय उघड्यावर असते, लवकर निवते. एवढं कळल्यावर माझ्यातला झोपलेला मेकॅनिकलवाला जागा झाला.

(दुसऱ्यात उतरायचं होतं, हे साधं उत्तर तेव्हाही समोर होतंच. पण ते फुकट होतं, आणि फुकटच्या उत्तरात शनिवार-रविवार जात नाहीत.)

मग दाता शोधायचा. दाता म्हणजे ज्या गाडीचे अवयव काढायचे ती गाडी. आमच्या भागात हे काही नवीन नाही. आंबीच्या शिवेवर जनरल मोटर्सचा कारखाना सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला, तिथे शेवरलेच्या गाड्या बनायच्या, गावातली निम्मी पोरं तिथे या ना त्या कामाला होती. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं, डिसेंबर २०२० मध्ये उत्पादनही थांबलं, आता ती जागा ह्युंदाईकडे आहे. पण रस्त्यावर राहिलेल्या बीट आणि स्पार्कचं काय? त्यांना पार्ट मिळायचे ते बऱ्याचदा ठोकलेल्या दुसऱ्या बीटचे आणि स्पार्कचे. म्हणजे एका गाडीच्या पार्टवर दुसरी गाडी जगवणं, हे आमच्याकडे हौशी लोकांचं खूळ नाही. नाइलाज आहे.

फरक एवढाच की बीटचा पार्ट बीटला लागतो. मला लावायचे होते मारुती एस्टीमचे पार्ट, पद्मिनीला.

चिखलीच्या कुदळवाडीत तेव्हा भंगाराची गोदामं होती, नजर पोचेपर्यंत पत्रेच पत्रे. तिथे एका शेडमध्ये मागून चेपलेली एस्टीम मिळाली. पुढचं सगळं धडधाकट. पुढच्या दोन्ही डिस्क, कॅलिपर, बूस्टर आणि दोन सर्किटवाला मास्टर सिलिंडर असा सौदा ठरला. शेडवाल्या मामांनी पाइप कापताना पाइपांच्या मधला एक पितळेचा ठोकळा सोडवला आणि माझ्यापुढे धरला. "हा पण ह्याच्यातलाच आहे, घेऊन जा." मी बघितलं, वाटलं नुसता जोड आहे, चार पाइप एकत्र करायचा. घरी पितळी टी-जोड पडलेले होतेच. म्हटलं, राहू द्या मामा, ओझं कशाला.

हे वाक्य मी त्यानंतर बरेचदा आठवलंय.

त्या हिवाळ्यातले सगळे रविवार त्यात गेले. खरं सांगतो, इतका आनंद मला कुठल्या रिलीजने दिला नाही. पद्मिनीच्या पुढच्या हबवर एस्टीमची डिस्क आणि तिला धरणारा कॅलिपर बसवायचा तर मधे ब्रॅकेट लागतं. भोकांचं अंतर जुळत नाही, डिस्क मध्यावर येत नाही, सगळा मिलिमीटरचा खेळ. ब्रॅकेटचं गणित मात्र मी मन लावून केलं. हजार किलोची गाडी जोरात थांबवताना पुढच्या एका चाकाला साधारण अडीच हजार न्यूटन धरायचे, टायरच्या त्रिज्येने गुणायचे, डिस्कच्या त्रिज्येने भागायचे. ब्रॅकेटवर सात हजार न्यूटन येतात, म्हणजे सातशे किलोचं वजन लटकल्यासारखं, आणि तेही दर वेळी झटक्याने. म्हणून वेल्डिंग अजिबात नाही, एकाच जाड प्लेटमधून लेथवाल्याकडून कापून, घासून घेतलं. लेथवाला म्हणाला, "एवढं जाड कशाला, ट्रक आहे का?" मी फुशारकीने त्याला गणित दाखवलं.

जाता जाता मागच्या पाट्यांमध्ये एक पाटा वाढवला, कारण गाडी मागून बसल्यासारखी दिसायची. शॉकअपही नवीन टाकले, थोडे कडक. दिसायला झकास दिसत होती, खोटं का बोला.

पहिल्याच फेरीत फरक कळला. पूर्वी पेडलवर उभं राहायला लागायचं, आता नुसता अंगठा. तळेगाव एमआयडीसीच्या रिकाम्या रस्त्यावर, कोरड्यात, पन्नासवरून ब्रेक मारला आणि गाडी गप्प उभी. बाबांनी दोनदा मारून बघितला, काही न बोलता मान हलवली. आमच्या घरात ही सगळ्यात मोठी दाद. आईला घेऊन ते लोणावळ्याला, वडगावला जायला लागले. मी निर्धास्त.

जुलै २०२५. लोणावळ्याहून जुन्या हायवेने परत येताना, कामशेतच्या खिंडीत, पाऊस. गाडीत दोघंच, मागची सीट रिकामी. पुढे एक टेम्पो अचानक वळला, बाबांनी ब्रेक मारला. जोरात नाही, असं ते अजूनही सांगतात, आणि माझा त्यांच्यावर विश्वास आहे. गाडीची मागची बाजू पुढे यायला निघाली. अर्धी गिरकी घेऊन गाडी कडेच्या चरात, तोंड लोणावळ्याकडे. मागून काही येत नव्हतं. हे वाक्य मी फार सहज लिहिलं, पण त्या रस्त्यावर मागून काही येत नसणं हे किती दुर्मिळ आहे ते तिथून जाणाऱ्याला विचारा. आईने डॅशबोर्डला हात लावला होता, उजवं मनगट मोडलं.

बाबा म्हणाले, "पाऊस होता रे." मला मात्र त्या रात्री झोप आली नाही, कारण चाकाच्या खुणांवरून मला कळलं होतं. आधी मागची चाकं लॉक झाली होती.

आता ज्याला यातलं माहीत नाही त्याच्यासाठी थोडक्यात. गाडी ब्रेक मारल्यावर पुढे झुकते, म्हणजे मागच्या चाकांवरचं वजन पुढच्यांवर जातं. पद्मिनीएवढ्या गाडीत मध्यम ब्रेकलाच शंभरएक किलो सरकतात. मागची चाकं हलकी झाली की त्यांना ब्रेकही कमी लागतो. जास्त झाला तर ती लॉक होतात, आणि लॉक झालेलं चाक गाडीला सरळ धरून ठेवू शकत नाही. पुढची आधी लॉक झाली तर गाडी निदान सरळ घसरते. मागची आधी झाली तर फिरते. आता ड्रमची गंमत अशी की तो स्वतःच स्वतःला घट्ट धरतो, फिरणारा ड्रम लायनरला आत ओढून घेतो, त्यामुळे थोड्या दाबात खूप काम. डिस्क तसं करत नाही, तिला दाब भरपूर लागतो, म्हणून तर बूस्टर. मी बूस्टरने चारही चाकांचा दाब वाढवला. पुढच्या डिस्कना तो हवाच होता. मागचे ड्रम मात्र १९७८ चेच, पायाच्या जोरापुरते बनवलेले. त्यांना आता गरजेपेक्षा कितीतरी जास्त मिळत होता.

ज्या कंपनीने पुढे डिस्क आणि मागे ड्रम लावले तिने याचा विचार केलेला असतो. मागे जाणारा दाब एका मर्यादेनंतर सावकाश वाढावा म्हणून मधे एक व्हॉल्व्ह बसवलेला असतो. पितळेचा. चार पाइप एकत्र करणाऱ्या जोडासारखा दिसतो.

वर मी मागे पाटा वाढवून ठेवलेला. म्हणजे रिकामी गाडी मागून आधीच उड्या मारणार, टायर रस्त्याला नीट टेकणार नाही. कोरड्या रस्त्यावर, चार माणसांत हे काहीच दिसलं नाही. ओल्यात, दोघांत, सगळं एकदम दिसलं. आमच्या धंद्यात याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्याच्या प्रोजेक्टमधलं फंक्शन उचललं, कॉन्फिग फाइल उचलली नाही, आणि टेस्ट फक्त सोपी केस चालवली. कोड रिव्ह्यूला कुणी नव्हतंच. ब्रॅकेट तसूभर हललं नव्हतं, गणित बरोबर होतं माझं. मला जेवढा प्रश्न दिसला तेवढ्याचं.

आता कायद्याकडे येतो, कारण नुसता स्वतःला दोष देऊन हा विषय संपत नाही. मोटर वाहन कायदा १९८८, कलम ५२. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळं काही करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही आली. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे माझी एस्टीमची डिस्क आणि कोपऱ्यावरच्या पोराचा कान फाडणारा सायलेन्सर कायद्याच्या नजरेत एकाच रांगेत. मी केलं ते बेकायदा होतं. होतं म्हणजे होतं.

यावर माझे काही मित्र म्हणतात, बरोबरच आहे कायदा, तुझंच उदाहरण बघ. डिग्री असून तू आईचा हात मोडलास, उद्या कुणी बिनडिग्रीचा काय करेल? मुद्दा बिनतोड वाटतो. पण जरा थांबा. मी चुकलो, कारण माझं काम तपासायला कुणी नव्हतं. आणि तपासायला कुणी नव्हतं, कारण तपासायला नेलं असतं तर आधी दंडच झाला असता. बंदीने माझा उद्योग थांबला नाही, फक्त झाकला गेला. रोलर ब्रेक टेस्टर नावाचं मशीन असतं. चाकं रोलरवर ठेवायची, ब्रेक मारायचा, कुठल्या चाकाला किती ब्रेक लागतो ते आकड्यात समोर येतं. ते आकडे आणि मागच्या चाकांवरचं वजन शेजारी ठेवलं असतं, तर जाणत्या माणसाने मला दहा मिनिटांत सांगितलं असतं, बाबा रे, मागे जास्त आहे, घरी जा.

दार ठेवता येतं, हे आपल्याच कायद्यात दिसतं. मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवता येतं, आरसीवर त्याची नोंद होते. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत बदल करता येतात. म्हणजे तपासून, नोंद करून बदल मान्य करायची पद्धत आपल्याला अनोळखी नाही. जर्मनीत असा एकेकटा बदल तज्ज्ञाकडून तपासून कागदपत्रांवर चढवून घेता येतो, आणि तिथले निरीक्षक काही दयाळू म्हणून प्रसिद्ध नाहीत. न्यूझीलंडमध्ये घरी बदललेल्या गाड्यांसाठी वेगळी प्रमाणपत्राची व्यवस्था आहे, पास झाल्यावर गाडीला एक पट्टी ठोकतात, त्यावर काय काय बदललंय ते कोरलेलं असतं. आपल्याकडे पुण्यात, वेताळ टेकडीवर, १९६६ पासून एआरएआय आहे. देशातल्या कंपन्यांच्या गाड्या तिथे तपासतात. ज्ञान नाही, यंत्रं नाहीत, असं म्हणायला जागा नाही. फी जबर ठेवा, दहातल्या आठ गाड्या नापास करा, माझी तर नक्कीच करा. पण नापास व्हायची सोय असू द्या.

एक विसंगती बघा. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेजचे वेगळे नियम आले. आमची २०२८ मध्ये पन्नाशी गाठेल. त्या नियमांत गाडी मूळ रूपात हवी. शोभेसाठी, प्रदर्शनापुरती चालवायची असेल तर अगदी योग्य. पण ज्याला ती आजच्या रस्त्यावर, आजच्या गाड्यांच्या मधे चालवायची आहे, त्याला एक सर्किटचे ब्रेक तसेच ठेव म्हणणं मला पटत नाही. दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर लावल्याने पद्मिनीचं पावित्र्य जातं असं मानणारे 'ओरिजिनल'वाले माझ्या ओळखीत आहेत, त्यांच्याशी माझं जमत नाही. त्यातल्या एकाच्या गाडीचे ब्रेक इतके ओरिजिनल आहेत की तो तिला ट्रेलरवरून घेऊन जातो.

असो. आईचं प्लास्टर सहा आठवड्यांनी निघालं. लाटणं अजून नीट धरता येत नाही, पोळ्या बाबा करतात, आकाराबद्दल बोलायचं नाही असा घरात नियम आहे. मी ऑगस्टमध्ये तो ठोकळा शोधायला कुदळवाडीला गेलो. तिथे काही नव्हतं. फेब्रुवारीत महापालिकेने ती सगळी अनधिकृत गोदामं पाडली होती, बातमी मी वाचलीही होती, पण आपली शेड त्यात असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. सपाट जमीन, गवत. मामा कुठे गेले कुणाला माहीत नाही. शेवटी पुण्यातल्या जुन्या बाजारात एका रविवारी नळाच्या तोट्यांच्या ढिगात सापडला. एस्टीमचाच आहे की दुसऱ्या कशाचा, खात्री नाही. म्हणून तो टेबलावर आहे, गाडीत नाही.

गाडी मी परत होती तशी केली. डिस्क, कॅलिपर, बूस्टर ग्रीस लावून, पोत्यात बांधून माळ्यावर. जास्तीचा पाटा काढला. नवे लायनर, चारही चाकांचे नवे सिलिंडर, सगळे पाइप नवे. घाटात दुसरा गिअर, हे एका चिठ्ठीवर लिहून बाबांनी स्वतः डॅशबोर्डवर चिकटवलंय. आई अजून त्या गाडीत बसलेली नाही, विचारलं तर म्हणते, "मला काय, रिक्षा बरी." काल मागच्या डाव्या चाकाखाली तेलाचा रुपयाएवढा डाग दिसला. नवाच सिलिंडर, तरी गळतोय. उद्या सकाळी ड्रम उघडायचाय.